बटणचा आवाज

मी मुळातच तोंडाळ. दुकान तोंडावर चालत नाही, हातावर चालतं, असं माझा दादा म्हणायचा. मी म्हणायचे, मग हात तू चालव, तोंड मी चालवते. अशा वाटणीवर आमचं शिवणकामाचं दुकान उभं राहिलं. मागे घर, पुढे दुकान, खिडकीपाशी दादाचं मशीन, आणि मशीनखाली दादाच्या पायाशी बटण. काळा, आखूड पायांचा, जरा आगाऊच कुत्रा.

दादा गेला आणि बटण तिथून हलेना. मशीनपाशी कुणी फिरकलं की गुरगुरायचा. गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं राहिलं की खालून गुर्र! कोण थांबणार? शेवटी माझ्या लेकानं उपाय काढला. बटण गुरगुरला की मापाची लाकडी पट्टी मशीनवर आपटायची, तरी ऐकलं नाही तर पाठीवर. थोड्याच दिवसांत बटण गप्प झाला. जो तो म्हणाला, वा, शहाणा झाला हो!

मग एक दिवस सूनबाई खाली पडलेली बॉबिन उचलायला वाकली. ना गुर्र, ना भू. सरळ हातात दात. टाके घालावे लागले.

"मामाचा कुत्रा म्हणून इतके दिवस सांभाळला," लेक म्हणाला. "पण घरात रांगतं पोर आहे, आई. डॉक्टरांना सांगतो, कायमचं झोपवायचं इंजेक्शन देऊन टाका."

मला रडू आलं. रडण्याहून राग जास्त आला. पण सूनबाईच्या हाताचं बँडेज दिसलं आणि मीच दवाखान्यात जायला रिक्षा बोलावली.

जनावरांच्या डॉक्टरांनी बटणला नीट तपासलं. त्याची कंबर दुखतेय म्हणाले, औषध दिलं. "इंजेक्शन कधीही देता येतं, पण दिलेलं परत घेता येत नाही. असे कुत्रे सुधारणाऱ्या एक बाई आहेत, महिनाभर त्यांच्या सांगण्यानं वागून बघा." लेक कबूल झाला, पण मला बजावून. "पुन्हा दात लागला तर मधे पडायचं नाहीस."

बाई आल्या त्या कमरेला पिशवी बांधून. पिशवीत उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. बटणकडे त्यांनी धड बघितलंही नाही. दारातूनच एक तुकडा मशीनखाली टाकला आणि मागे फिरल्या. परत आल्या, टाकला, फिरल्या. मला कुठलं राहवतंय!

"अहो, चावणाऱ्याचे एवढे लाड? मग उद्या मीच चावते कुणाला तरी!"

बाई हसल्या. "हे चावल्याचं बक्षीस नाही, मावशी. माणूस जवळ आलं की काहीतरी वाईट होतं, एवढंच त्याला ठाऊक आहे. माणूस येतं, देतं आणि निघून जातं, हे त्याला कळू दे." मग सूनबाईकडे वळून त्यांनी विचारलं, "चावायच्या आधी गुरगुरला होता?"

"छे! ती खोड मी कधीच मोडली," लेक मधेच म्हणाला. चांगला ताठ मानेनं म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. "जवळ येऊ नका, एवढंच तो सांगत होता. ते सांगायची सोय राहिली नाही, मग उरले दात. आता तो गुरगुरला तर रागावू नका. थांबा आणि मागे सरा. मात्र तो आवाज परत येईलच असं नाही. काहींचा येत नाही."

लेक मोजलेलंच कापड पुन्हा मोजत बसला.

आम्ही लागलो कामाला. पोर दुकानात येऊ नये म्हणून घराच्या दाराला आडवी फळी बसवली. मी येता-जाता तुकडे टाकायचे आणि वर दोन शिव्याही द्यायचे. बाई म्हणाल्या, शिव्या हळू आवाजात द्या म्हणजे झालं. सूनबाईचं मात्र कठीण होतं. लांबून तुकडा टाकतानाही ती एक पाय दाराबाहेर ठेवायची. "भीती वाटते हो आई," म्हणायची, "पण तोही घाबरलाच आहे ना." पुढे पुढे तिच्या चपलांचा आवाज आला की बटण मान वर करून वाट बघू लागला. आवाज मात्र नाहीच. मुका तो मुकाच. महिना सरत आला तशी मी कॅलेंडरावरचे दिवस मोजू लागले.

त्या दुपारी एक गिऱ्हाईक पाणी मागायला आत गेलं आणि येताना फळी सरकवायची विसरलं. मी कात्री घेऊन कापडात बुडालेली, लेक टेबलाशी. वर बघते तो काय, नात घरंगळलेल्या दोऱ्याच्या रिळामागे रांगत थेट मशीनखाली! तिचा हात बटणच्या तोंडापाशी.

आणि खालून आवाज आला. गुर्र.

घोगरा, गंजलेला आवाज. पोर जागच्या जागी थबकलं. लेकानं झडप घालून पट्टी उचलली.

"पट्टी खाली," दारातून सूनबाई म्हणाली. ओरडली नाही. "तो सांगतोय. ऐका त्याचं."

तिनं पोरीला लाडानं हाक मारली. पोर वळलं, रांगत आईकडे आलं. पोरीला कडेवर घेऊन ती दोन पावलं मागे सरली, आणि टाक्यांचे वण असलेल्या त्याच हातानं तिनं बटणकडे तुकडा टाकला. त्यानं तो खाल्ला आणि डोकं पंजांवर टेकलं. कुणाला साधा ओरखडासुद्धा नाही.

मी आधी फळी ओढून घेतली आणि तिला कडी लावायला उद्याच सुतार बोलवायचा असं ठरवलं. वळून बघते तर लेक मशीनपासून जरा दूर जमिनीवर बसलेला. दादा गेला तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेला माझा घोडा हुंदके देत होता. "बोल बाबा," तो मशीनखाली बघून म्हणत होता, "तू बोलत जा. मी ऐकतो."

मग डोळे पुसून त्यानं डॉक्टरांना फोन लावला. पोरीनं पहिला शब्द काढला होता, तेव्हा साऱ्या नातेवाईकांना फोन करताना कौतुकानं त्याचा असाच आवाज चढला होता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आमचा बटण गुरगुरला."