आठवी बरगडी

"छाती टेकवा. हनुवटी वर. खांदे पुढे."

"टेकवा?" बायको म्हणाली. "घरी कधी 'टेकवा' म्हणाला नाहीत."

"सवय गं," एक्स-रेवाला म्हणाला. "इथे सगळ्यांना सारखंच बोलतो."

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या या गार खोलीत त्याची उभी हयात गेली होती. बायकोला प्लेटसमोर उभं करायची वेळ मात्र कधी आली नव्हती. तिच्या डाव्या कुशीत बरेच दिवस दुखत होतं. त्यानं मलम आणून दिलं. त्याच्या आईनं निदान केलं: हव्वेनं फळ खाल्लं, तेव्हापासून बाईच्या जातीला भोगणं आलं. मलमानंही फरक पडला नाही, निदानानंही.

"बरगड्या मोजून घ्या," ती प्लेटकडे तोंड करून म्हणाली. "एक जास्त निघाली तर परत मागू नका."

हा विनोद त्यांच्या ओळखीइतकाच जुना होता. तो ख्रिस्ती, ती ज्यू. पहिल्याच भेटीत त्यानं रुबाबात सांगितलं होतं, पुरुषाच्या बरगडीतून बाई झाली हे खरं, पण बरगड्या दोघांनाही बाराच जोड्या. हवं तर फोटो दाखवतो. ती म्हणाली, "बरगडी तुमच्याकडे. आमच्यातले जुने जाणकार म्हणतात, मूळ शब्दाचा अर्थ 'बाजू'. पहिला माणूस पाठीला पाठ चिकटलेला होता, एका बाजूनं पुरुष, एका बाजूनं बाई. देवानं मधोमध कापला." कापाकापीची ही कल्पना त्याला इतकी पसंत पडली की तो लग्नाचंच विचारून बसला.

घरात दोन्ही बाजू सुखानं भांडत आल्या. मुलगी झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बाप्तिस्मा उरकून घ्या, आदामाचं पाप धुतलं जाईल.

"अजून तिनं धड डोळे उघडले नाहीत," बाळंतीण म्हणाली, "पाप केव्हा केलं? आमच्यात जीव स्वच्छ येतो. पुढे ज्याचं त्यानं करायचं, स्वतःच्या हातानं."

"करावं लागत नाही. वारशानं येतं," सासूबाई म्हणाल्या.

त्या घराण्यात वारशानं एक भिंतीवरचं घड्याळ आणि हे पाप एवढंच आलं होतं, आणि त्यातलं घड्याळ बंद होतं. शेवटी मुलीला नुसती आंघोळ घातली, आणि आजीनं मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. देवानं मातीच्या नाकात श्वास फुंकला, एवढ्यावर मात्र दोघींचं एकमत होतं.

"श्वास घ्या," तो काचेमागून म्हणाला. "रोखून धरा."

बटण दाबलं. पडद्यावर बरगड्या उमटल्या. त्यानं खरोखरच मोजल्या, वरून खाली. डावीकडची आठवी मधेच कुरतडल्यासारखी होती, कसर लागलेल्या लोकरीसारखी. फोटो वाचणं हे डॉक्टरांचं काम. पण पत्रं वाटून वाटून पोस्टमनलाही पाकिटावरून मजकूर कळायला लागतो.

"सोडू का?" पलीकडून दबलेला आवाज आला.

इतक्या वर्षांत तो 'सोडा' म्हणायला पहिल्यांदाच विसरला होता.

"सोड," तो म्हणाला.

ती वळली. "काय दिसलं?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

हे वाक्य तो दिवसभर म्हणत असे. चांगलं असलं की पेशंटकडे बघून म्हणतो आणि नसलं की यंत्राकडे बघून, हे गुपित त्यानंच एकदा तिला जेवताना सांगितलं होतं. आत्ता तो यंत्राचं एक बटण नखानं खरवडत होता.

तिला गाउनची मागची गाठ सुटेना. त्यानं मागे उभं राहून ती सोडवली. घट्ट नव्हती, तरी वेळ लागला.

"आई म्हणतील, हव्वेचं भोगतेय," ती म्हणाली.

"पाप-बिप काही नाही गं. कुणाचंच नाही."

तिनं गाउन काढून खुंटीला अडकवला. "म्हणजे आलात शेवटी आमच्या बाजूला."

"आधीपासूनच होतो. आईसमोर बोलायची छाती नव्हती."

"छाती टेकवा," ती म्हणाली, आणि पदर सावरत बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

प्लेटच्या वरच्या कडेला तिच्या श्वासाची वाफ राहिली होती, हनुवटीएवढी. नियमाप्रमाणे प्रत्येक पेशंटनंतर प्लेट स्पिरिटनं पुसायची असते. त्यानं बोळा भिजवला.

दारातून कुणीतरी खोकलं. "येऊ का आत?"

"थांबा जरा," तो म्हणाला, आणि वाफ आपोआप विरेपर्यंत बोळा हातात धरून उभा राहिला.