दत्तोबांची धडधड, नंदाबाईंचा नंबर

दत्तोबा घाऱ्यांच्या छातीत धडधडायला लागलं, म्हणून नंदाबाईंना डॉक्टरकडे नेण्यात आलं. यात कुणाला छपाईची चूक वाटली तर ती तशी नाही. पवनानगरात ही गोष्ट अशीच घडली, आणि घडली तेव्हा घरातल्या कुणालाच तिच्यात काही वावगं वाटलं नाही.

दत्तोबांचे धरणाच्या काठी टेंट. शनिवार-रविवारी शहरातली मंडळी यायची, शेकोटीभोवती गाणी म्हणायची आणि सोमवारी दत्तोबा बाटल्या गोळा करायचे. मागच्या उन्हाळ्यात त्यातलाच एक हौशी गडी 'आपल्याला पोहता येतं' असं जाहीर करून पाण्यात उतरला, आणि तसं काही नसल्याचं त्याला खोल गेल्यावर कळलं. दत्तोबांनी कपड्यांनिशी उडी टाकून त्याला केसांना धरून ओढत काठाला आणलं. गडी वाचला. घरी पोचल्यावर त्याने 'स्टाफचं वागणं रांगडं आहे' असं लिहून कॅम्पला दोन तारे दिले.

तो विसरला, दत्तोबांना विसरता येईना. कुणी पाण्याच्या दिशेने चार पावलं टाकली, की त्यांच्या छातीत जीपचं इंजिन चालू व्हायचं, तळहात ओले व्हायचे, श्वास पुरायचा नाही. झोप उडाली. मधल्या वारी टेंटमध्ये चिटपाखरू नसलं तरी ते रात्री उठून काठावर बॅटरी मारून यायचे. तळेगावच्या हार्टच्या डॉक्टरने छातीला वायरी लावून पाहिल्या. "काका, हृदय तुमचं एक नंबर आहे. मनाच्या डॉक्टरला दाखवा," असं म्हणून त्याने लोणावळ्याचा पत्ता दिला.

"मनाच्या म्हंजी येड्याच्या!" घरी येऊन दत्तोबा म्हणाले. "सरळ सांगायला त्याची जीभ झडत व्हती का?"

"मग जायचं ना," नंदाबाई म्हणाल्या.

"जायचं? अगं, स्नेहलचं काय?"

स्नेहलचं स्थळ सोमाटण्याचं होतं. मुलगा ओंकार कंपनीत सुपरवायझर. बघून झालं होतं, पसंती आली होती, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. अशात मुलीचा बाप वेड्याच्या डॉक्टरची पायरी चढताना दिसला असता, तर सुपारी राहिली असती बाजूला आणि नशीब फुटलं असतं. दत्तोबा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू जा."

"मला काय झालंय?"

"काय बी न्हाई. म्हणून तर तू जा. कुणी बघितलं तर सांगता येतंय, बीपी हाय. बाईमाणसाला असतोच."

"आवो, पर दुखणं तुमचं."

"तुज्या भावाला अंथरुणातनं उठता येत न्हवतं, तवा देवऋषाकडं त्याला नेलावता का? त्याच्यावरनं तांदूळ उतरून नेलं. तांदूळ बघून त्यानं सगळं सांगितलं का न्हाई?"

"तो देवऋषी व्हता."

"आन ही तर शिकलेली हाय. हिला जास्तच कळंल!"

गुरुवारी सकाळी नंदाबाईंनी मूठभर तांदूळ नवऱ्यावरून तीनदा उतरवले, पदराच्या गाठीत बांधले आणि दोघं जीपमध्ये बसले. लोणावळ्यात आपल्याला कोण ओळखतंय, असा दत्तोबांचा हिशेब. निम्मं गाव तिथल्या बंगल्यांवर कामाला जातं, हे ते त्या दिवशी सोयीने विसरले.

दवाखाना बाजारपेठेत, चिक्कीच्या दुकानावरच्या मजल्यावर. पाटीवर 'प्रौढ व बालक' लिहिलेलं. बाहेरच्या खोलीत बालकांसाठी ठोकळे, रंगीत कासव आणि वीतभर उंचीच्या लाल-पिवळ्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर मात्र सगळी प्रौढ मंडळी, गुडघे हनुवटीला लावून बसलेली. नंदाबाईंनी सवयीने शेजारणीला विचारलं, "कुणाला आणलंय?"

"भाच्याला," बाई म्हणाल्या. भाचा कुठेच दिसत नव्हता.

पलीकडचे गृहस्थ सासऱ्यांसाठी आले होते. सासरे घरी होते. कोपऱ्यातला तरुण मित्रासाठी आला होता आणि नखं खात होता. खोलीभर पेशंट होते आणि दुखणं मात्र एकालाही नव्हतं. दत्तोबा दाराशी, तोंडावर रुमाल घेऊन बसले.

डॉक्टर ज्योत्स्ना करंदीकर चाळिशीच्या, शांत आवाजाच्या. "बोला, काय त्रास होतो?"

"छातीत धडधडतं," नंदाबाईंनी पाठ करून आणलेलं सांगितलं. "कुणी पाण्याकडं गेलं की जास्त."

"श्वास अडकल्यासारखा होतो?"

हे पाठ केलेल्यात नव्हतं. "थांबा हां, इचारून येते." नंदाबाईंनी दार उघडलं आणि बाहेर तोंड काढून म्हणाल्या, "आवो, मला श्वास अडकल्यावानी हुतं का?"

सगळ्या खोलीने रुमालाकडे पाहिलं. रुमाल वरखाली हलला.

"हुतं," नंदाबाई आत येऊन म्हणाल्या.

"रात्री दचकून जाग येते?"

पुन्हा दार. "आवो, मी दचकून उठते का?"

तिसऱ्या खेपेला रिसेप्शनवरची हर्षदा म्हणाली, "मावशी, दार उघडंच ठेवू का? जरा हवा पण येईल."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आपलं काहीतरी चुकतंय हे नंदाबाईंना कळलं. त्यांनी घाईने पदराची गाठ सोडली आणि तांदूळ टेबलावर ठेवले. "ह्यांच्यावरनं उतरल्यात. आज सकाळीच."

डॉक्टरांनी तांदूळ नीट निरखले. "इंद्रायणी ना?"

"व्हय. घरचा हाय."

"वास छान आहे. पण मला यातून एवढंच कळतं. ज्यांची छाती धडधडते त्यांना आत पाठवा."

"यायचं न्हाईत वो ते. लेकीचं लगीन ठरतंय."

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "बरं. मग तुम्ही आलाच आहात, तर तुम्हाला काय त्रास आहे?"

नंदाबाई विचारात पडल्या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न त्यांना एकदाच, दात काढताना, विचारला गेला होता. तेव्हाही उत्तर द्यायच्या आत तोंडात पक्कड होती. "मला कुटला तरास," त्या म्हणाल्या. "तरासाला टाइम कुटं हाय?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. आपलं वाक्य कुणी लिहून घेतंय हे बघून नंदाबाईंनी दुसरं वाक्य सांगितलं. टेंटच्या चादरींवरून बोलणं आईवर कसं गेलं आणि डोळ्यांतून पाणी कधी आलं, हे त्यांना नंतर आठवेना. बाहेर आल्यावर एकदम कडकडून भूक लागली, एवढं मात्र आठवत होतं.

परतीच्या वाटेवर दत्तोबांनी हळूच विचारलं, "काय म्हनली?"

"तुमाला घेऊन या म्हनली."

"आन न येता काय?"

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या खऱ्या. "रोज सकाळी चालायचं. दिवस मावळल्यावर चहा बंद."

"आनखी?"

या 'आनखी'ची नंदाबाईंनी काहीच तयारी केली नव्हती. पण तोंडातून आपसूक निघून गेलं, "जेवल्यावर आपलं ताट आपण उचलायचं."

"ते कशापाई?"

"मनापाई."

दत्तोबांनी मान डोलावली. शिकलेली बाई उगाच सांगणार नाही. रात्री ते ताट उचलून मोरीत ठेवून आले, आणि स्नेहल घास हातात धरून बापाकडे बघत राहिली.

मग दर गुरुवारी हेच सुरू झालं. नंदाबाई आत बोलायच्या, दत्तोबा बाहेर रुमालात. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायच्या, "त्यांना आणा." नंदाबाई प्रत्येक वेळी म्हणायच्या, "आणते." आणि जीपमध्ये बसल्यावर नवं औषध निघायचं. घरच्या माणसावर वरडायचं न्हाई, छातीवर ताण येतो. टेंटच्या चादरी पिळताना एक टोक आपण धरायचं, हाताला यायाम. भाजीला नावं ठेवायची न्हाईत, झोपंवर परिणाम हुतो. दत्तोबांनी एकही पथ्य मोडलं नाही. त्यांची धडधड होती तिथेच होती. नंदाबाईंची पाठदुखी मात्र पुष्कळ कमी झाली. हे बरोबर नाही, हे त्यांना समजत होतं. पुढच्या गुरुवारी ह्यांना आत ढकलायचंच, असं त्या दर बुधवारी ठरवत होत्या.

शेअर जीप चालवणाऱ्या सुरजने नंदाबाईंना दवाखान्याच्या जिन्यावर पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत पवनानगरात ते सगळ्यांना माहीत झालं: नंदाकाकूच्या डोक्यावर परिणाम झालाय. लोक त्यांच्याशी हळू आणि गोड बोलायला लागले. गिरणीत त्यांचं दळण आधी घेतलं जायला लागलं. नंदाबाईंना यात तक्रार करण्यासारखं काही दिसेना. तेवढ्यात सोमाटण्याहून फोन आला: "आमी रविवारी येतो. जरा बसून बोलू."

'बसून बोलू' याचा अर्थ मुलीच्या घरात सगळ्यांना कळतो. स्नेहल दोन दिवस जेवली नाही. ओंकारचा फोन ती उचलेना, कारण तो 'घरचे म्हणतील तसं' एवढंच म्हणायचा.

रविवारी ओंकारची आई मुक्ताबाई आणि मामा आले. पोहे झाले. दत्तोबांच्या कपाळावर घाम आला होता. मामांनी बशी खाली ठेवली. "दत्तोबा, आडपडदा नको. इहीणबाई लोणावळ्याला जात्यात म्हनं. येड्याच्या डॉक्टरकडं."

नंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्यामागे स्नेहल, आईचा पदर मुठीत धरून. नंदाबाईंना एका वाक्यात सुटता आलं असतं. पण ते वाक्य त्यांचं नव्हतं. ज्याचं होतं तो माणूस सतरंजीवर बसून तळहात धोतराला पुसत होता. ह्यांनी तोंड उघडलं नाही तर स्थळ माझ्यापायी जाणार, आणि उघडलं तर ह्यांच्यापायी, हे नंदाबाईंना दिसत होतं.

"ती न्हाई," दत्तोबा म्हणाले. "मी हाय. येडा मी हाय. छाती माजी धडधडती. एक गडी बुडता बुडता वाचला, तवापासनं मला झोप न्हाई. मला लाज वाटली, म्हणून हिला फुडं केली. तिला काय बी झाल्यालं न्हाई."

मामांनी खिशातून रुमाल काढला.

"मानलं, दत्तोबा," ते डोळे पुसत म्हणाले.

"म्हंजी?"

"बायकोची अब्रू झाकायला सोताला येडा म्हनवून घेतलंत. आजकाल कोण करतं?"

"आवो, पर खरंच मी—"

"पुरं. समजलं आमाला."

"लेकीची शपथ घेतो!"

"बघा, लेकीची शपथ बी घ्यायला तयार हाय!" मुक्ताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "असं नवरं देवानं घडवायचंच बंद केलंय."

दत्तोबा जितके खरे बोलत गेले, तितकं पाहुण्यांना भरून येत गेलं. शेवटी ते हताश होऊन उठले आणि आता अंगवळणी पडल्याप्रमाणे स्वतःची बशी उचलून मोरीकडे निघाले. मामा बघतच राहिले. "बशी बी सोता उचलतो! इहीणबाईंना कामच सांगत न्हाई!" आता बोलायचं काही उरलंच नव्हतं. ज्या घरात बाप असा, त्या घरची पोरगी हातची घालवायची नाही, असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथे सुपारी फोडून घेतली. स्नेहलने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

निघताना मुक्ताबाईंनी नंदाबाईंचा हात हातात घेतला. "जपा हां. गोळ्या चुकवू नका."

"मला गोळ्या न्हाईत वो."

"असू दे, असू दे," मुक्ताबाई प्रेमाने म्हणाल्या. "सगळी असंच म्हनत्यात."

पुढच्या गुरुवारी दत्तोबांनी रुमाल घरीच ठेवला. "जगाला सांगून बघितलं, कुणी मानंना," ते म्हणाले. "आता आत जायला भ्यायचं कशाला?" नंदाबाईंना हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. या गुरुवारी त्यांना डॉक्टरांना आईच्या शेवटच्या आजारपणाचं सांगायचं होतं. ते अर्धंच राहिलं होतं.

"नंदाबाई घारे!" हर्षदाने पुकारा केला. दत्तोबा उठले आणि आत गेले. दार लागलं. थोड्या वेळाने ते उघडलं आणि दत्तोबांचं डोकं बाहेर आलं.

"अगं, मला श्वास अडकतो तवा मी काय करतो?"

"बसता खाली आन माजा हात धरता!" नंदाबाई खोलीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाल्या. यात लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

डोकं आत गेलं. भाच्यासाठी आलेल्या बाईंनी सुस्कारा सोडला आणि सासऱ्यांसाठी आलेल्या गृहस्थांना म्हणाल्या, "बायकोचं दुखणं बिचारा आपल्या नावाने सांगतोय. किती करतो हो!"

नंदाबाई लाल खुर्चीतून गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि हर्षदाच्या टेबलापाशी गेल्या. "पोरी, ह्यांच्या मागनं मला नंबर दे."

"मावशी, तुमचा नंबर तर आत चालू आहे."

नंदाबाईंनी बंद दाराकडे पाहिलं. "मग दत्तोबाच्या नावानं दे."