उजवी बाजू

"ये क्या तमाशा है, संध्या? खिडकी बंद करून परत उघडतो, तर परत उजवीकडे! दहा वेळा डावीकडे नेली, दहा वेळा उजवीकडे उघडली. कॉम्प्युटरला भूत लागलं काय?"

संध्या रोकडे जेवणाचा डबा धुऊन आली, तर तिच्या खुर्चीत लॅबचे मालक धर्मेशसेठ बसलेले.  उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या या लॅबमध्ये ती एकोणीस वर्षं रिपोर्टच्या काउंटरवर होती. नाव शोधायचं, रिपोर्ट उघडायचा, छापायचा, पेशंटच्या हातात द्यायचा. इतक्या वर्षांत सेठ तिच्या खुर्चीत कधी बसले नव्हते. आज बसले, कारण ती जेवायला गेली असताना त्यांच्या मेव्हण्याला रिपोर्ट हवा होता. माणसाचं नशीब फिरायला एक मेव्हणाही पुरतो.

आठ महिन्यांपूर्वी संध्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, हातपाय वाचले, वाचा वाचली. गेली ती फक्त डावी बाजू. दोन्ही डोळे उघडे असून डावीकडचं जग तिच्यापुरतं संपलं. ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायची आणि ती लेकीला विचारायची, "पायल, आज चटणी नाही वाटलीस?" मान वळवली की सगळं दिसायचं. पण जे मुळात नाहीच असं वाटतं, त्यासाठी मान कोण वळवणार?

लॅबमध्ये तिने टायफॉइड झाल्याचं सांगितलं. खोटं बोलायला कारणही तसंच होतं. एक्स-रेवाल्या विष्णुपंतांचे हात थरथरू लागले, तेव्हा सेठनी आठवड्याच्या आत त्यांना शाल-नारळ देऊन घरी बसवलं होतं. वर फोटोही काढला होता. पायलचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं आणि घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. संध्याला शाल नको होती.

तिचं खरं दुखणं ओळखलं ते एकट्या प्रीतमने. अंबरनाथला तो तिच्याच वस्तीत राहायचा आणि उल्हासनगरातल्या डझनभर लॅबचे, दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळायचा. ती परत कामावर आल्यावर एकदा तो प्रिंटर बघायला आला होता. स्क्रीनवर डावीकडे रिपोर्ट उघडलेला, आणि ही पेशंटला सांगतेय, "अजून आला नाही, उद्या या." पेशंट जाईपर्यंत तो थांबला. मग हळूच म्हणाला, "ताई, डावीकडचं दिसत नाय ना तुम्हाला?"

ती रडली. त्याने तिला रडू दिलं आणि तेवढ्या वेळात एक छोटासा प्रोग्राम टाकून दिला. "आता कायपण उघडा, उजव्या अंगालाच येणार. वर लिस्ट, खाली रिपोर्ट, जागा फिक्स. बाकी मान वळवायची सवय लावा. कोणाला बोलू नका, मी पण नाय बोलणार."

तेव्हापासून तिच्या हातून एकही रिपोर्ट चुकला नव्हता.

"हे टाकलं कोणी?" सेठनी विचारलं. "वो सामनेवाली लॅब खुली है, पता है ना? तिथले कॉम्प्युटर पण तोच प्रीतम बघतो. आपल्या पेशंटचे नाव-नंबर तिकडे चालले असतील तर? सच बोल, तू सांगितलं त्याला?"

'हो सेठ, मला दिसत नाही.' एवढं एकच वाक्य हवं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. मग तिला विष्णुपंतांच्या खांद्यावरची शाल आठवली.

"मला काय माहीत, सेठ? त्यानेच टाकलं असेल. तो आला की मला चहा आणायला बाहेर पाठवायचा."

हे चहाचं कुठून सुचलं ते तिचं तिलाही कळलं नाही. पहिलं खोटं बोलायला जड जातं, पुढची आपसूक येतात.

प्रीतम अर्ध्या तासात आला. तोवर सेठनी ओळखीच्या दोन लॅबवाल्यांना फोनही लावले होते. उल्हासनगरात माल पोचायला उशीर होईल, बदनामी दुपारच्या चहाआधी पोचते.

"किसलिए डाला ये?" सेठ ओरडले.

प्रीतमने संध्याकडे बघितलं. संध्या प्रिंटरकडे बघत राहिली. त्याने खरं सांगितलं असतं तर तो सुटला असता आणि ती बुडाली असती. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"माझी मिस्टेक, सेठ. ट्रायल मारत होतो, काढायचं राहून गेलं."

"मेरे पेशंट पे ट्रायल? काढ आत्ताच्या आत्ता! और कल से इधर दिखना मत. मार्केटमध्ये सगळ्यांना सांगतो मी."

संध्याने उठून खुर्ची दिली. दहा मिनिटांनी तो खुर्चीतून उठला आणि ती परत जागेवर बसली. उजवीकडे केबिनच्या दारात सेठ उभे होते. बाकी कुणी दिसत नव्हतं. तिला मोकळं वाटलं, आणि त्या मोकळेपणाचीच लाज वाटली. लाज झाकायला माणूस आणखी खाली उतरतो, तशी ती उतरली.

"बरं झालं सेठ, गेला एकदाचा. माझा पहिल्यापासून भरवसाच नव्हता त्याच्यावर. आमच्या वस्तीत पण त्याला कोण दारात उभं करत नाय."

 सेठ तिच्या डाव्या खांद्यापलीकडे बघत होते. तिथून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी न सांगता तिला आठवलं की मान वळवायची असते. तिने ती वळवली नाही.

"येतो ताई," प्रीतम म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता. "सगळं काढलंय. आता खिडकी कुठंपण उघडेल. सांभाळून."

त्याची पावलं जिन्यावरून उतरून गेली. काउंटरवर एक म्हातारी येऊन उभी राहिली, हातात घडी घातलेली पावती. "वेणू भोईर, वांगणी. बाय, माजा रिपोट झाला का गो?"

संध्याने नाव टाकलं, माऊस दोनदा दाबला आणि वाट बघितली. उजवी बाजू रिकामी होती. तिने पुन्हा दाबला. उजवीकडे काहीच आलं नाही.

"अजून आला नाही, आजी. उद्या या."

"उद्या कशी येव? पाय चालत नाय माजे."

"आला असता तर दिला नसता का?" संध्या वैतागून म्हणाली.

सेठ एव्हाना तिच्या खुर्चीमागे येऊन उभे होते. स्क्रीनच्या डाव्या अर्ध्या भागात वेणू भोईर यांचा रिपोर्ट मोठ्या ठळक अक्षरांत उघडलेला होता. सेठनी तो बघितला, मग संध्याकडे बघितलं, मग पुन्हा रिपोर्टकडे. हात पुढे करून त्यांनी स्वतःच प्रिंटचं बटण दाबलं आणि निघालेला कागद म्हातारीला दिला.

मग अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "संध्या, किती वर्षं झाली तुला आपल्याकडे?"

"एकोणीस," ती म्हणाली, आणि रिकाम्या उजव्या बाजूकडे बघत राहिली.