डावा पाय नास्तिक निघाला

सुप्याच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी सतरंज्या भरल्या होत्या. पन्नासेक बाया गुडघ्यांपर्यंत चादरी ओढून उताण्या पडलेल्या, आणि सगळ्यांचे पाय भिंतीला टेकून आढ्याकडे गेलेले. एवढे तळवे एकदम पाहण्याचा योग आम्हांला या वयात प्रथमच आला.

मधोमध नीलहर महाराज. पायांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या-जांभळ्या शिरा उठतात, त्या भस्म फुंकून घालवणं हे त्यांचं अवतारकार्य. सुप्याच्या कारखान्यांत दिवसभर उभ्याने खोकी भरणाऱ्या बायांत असल्या जाळ्यांचा तुटवडा नाही.

"मागल्या जन्मी तुमी झाडूनं कोळ्याचं घर मोडलं," महाराज सांगत होते. "आता त्यो पायात बिऱ्हाड करून बसलाय. माज्याशिवाय उठायचा न्हाई."

"पर पाय वर कशापाई, म्हाराज?" रांगेत पडलेल्या भागूबाईंनी विचारलं.

"मग काय माज्याकडं पाय करून निजता? पाप लागंल."

हे सगळ्यांना पटलं. थोरामोठ्यांकडे पाय करू नयेत, हे आपण पाळण्यातच शिकतो.

बराच वेळ मंत्र झाले. मग भस्म, फुंकर, ओलं फडकं. आणि शिरा खरोखर फिकटल्या. लगेच फोटो, लगेच पायांवर पांघरूण. "अमावास्येपतुर पायाकडं बघायचं न्हाई. नजर लागती."

सविताच्या घोट्यावर तर जखम होती, महिनोन् महिने न भरलेली. गुरुवारी नगरच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं. तिने ते मोडलं. महाराजांनी सुई वर्ज्य सांगितली होती.

"तुम्ही समजवा ना तिला," शेजारच्या भार्गवीताई तिच्या नवऱ्याला म्हणाल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात.

"माजं ऐकत असती," बिभीषण म्हणाला, "तर म्हाराज कशाला लागले असते?"

तेव्हा भार्गवीताई पुढे झाल्या. "महाराज, सविताला बाकावर निजवू. उजवा पाय वर, भस्माशिवाय. डाव्याला भस्म लावा, पण तो खाली लोंबू द्या. जमिनीकडे, तुमच्याकडे नाही."

एवढ्या बायांसमोर नाही म्हणणं अवघड होतं. महाराजांनी डाव्या पायावर दुप्पट भस्म फुंकलं. थोड्या वेळाने भस्म पुसून पाहिलं, तर कोरडा उजवा फिकट आणि भस्म लावलेला डावा निळाच.

महाराज डगमगले नाहीत. "डावा पाय नास्तिक हाय."

"आन् उजव्याला भस्माबिगर गुन आला, त्यो कसा?" भागूबाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

"शेजारच्या पायाचं पुन्य."

"सविता, आता उभी राहा," भार्गवीताई म्हणाल्या.

ती उभी राहिली. बघता बघता उजव्या पायातही जाळं भरून आलं. मग सगळं कार्यालय चादरी फेकून उभं राहिलं आणि आपापल्या पोटऱ्या न्याहाळू लागलं. महाराजांना नेमकं तेव्हाच शिरूरला जायचं आठवलं.

"पाय वर केला की शिरांतलं रक्त उतरतं," भार्गवीताई सांगत होत्या. "उभं राहिलं की परत साचतं. भस्माचा काही संबंध नाही. डॉक्टर बिघडलेली शीर इंजेक्शनने किंवा लेसरने बंद करतात. घट्ट मोजे, चालणं, अधूनमधून पाय वर घेणं यांनी आराम पडतो. उपचारानंतर बारीक जाळी हळूहळू फिकटतात, काही पुन्हा उठतात. पण सविता, तुझी जखम अमावास्येची वाट बघत थांबणार नाही, ती डॉक्टरांना दाखवायलाच हवी."

सविताने घोट्याकडे पाहिलं. "अवं," ती बिभीषणला म्हणाली, "गुरुवारी सकाळची येष्टी कितीला हाय?"

तेव्हा मंडळी, दमला असाल तर खुशाल पाय वर करून पडा. मात्र कुणी चमत्कार दाखवला, तर त्यातून एकेक गोष्ट काढून बघा. आधी भस्म काढा. तरीही गुण आला, तर मग महाराजही काढून बघा.