गणपतीखालचं व्हिएतनाम

मी बोलतोय, नागोयातल्या अंबरीष आणि यामिनीच्या घरातला ‘काळा फळा’. खरं तर मी चित्र आहे, अस्सल व्हिएतनामी लॅकरचं. पण चार वर्षं या घरात माझी ओळख तेवढीच होती.

माझा जन्म हनोईजवळच्या एका खेड्यात झाला. तिकडे एका झाडाचा चीक काढतात, तेच लॅकर. माझ्या चित्रकाराने लाकडी फळीवर त्याचे थरावर थर दिले. अंड्याच्या टरफलांचे तुकडे चिकटवून नदी केली, चांदीच्या वर्खाचं धुकं केलं, मागे डोंगर उभे केले. आणि एवढं झाल्यावर वरून काळपट लॅकर फासून सगळं बुजवून टाकलं! मग पाणी ओतत मला घासत बसला. घासावं तसतसं चित्र वर येतं. वेडेपणाच म्हणायचा, पण आमच्याकडे निसर्गचित्रं अशीच होतात.

चित्रकाराची मुलगी लान नोकरीसाठी जपानला निघाली, तेव्हा त्याने मला तिच्या बॅगेत घातलं. इथे डबे भरण्याच्या कारखान्यात तिची आणि यामिनीची गाठ पडली. दोघी तिथे पार्टटाइम, म्हणजे इकडच्या भाषेत ‘बाइतो’ करत. मोडक्या जपानीत दोघींचं छान जमलं. परत जाताना लानने मला यामिनीच्या हातात ठेवलं. “बाबांचे हात आता थरथरतात. याच्यानंतर त्यांनी मोठं चित्र केलं नाही. तुझ्याकडे राहू दे,” म्हणाली.

यामिनीने मला कौतुकाने टांगलं, पण कुठे, तर गॅसच्या शेजारी! रोज मोहरी तडतडायची आणि मी फोडणीचा धूर खायचो. माझ्यावर तेलाचा चिकट थर चढला. डोंगर गेले, नदी गेली.

या वर्षी अंबरीषची बदली ओसाकाला झाली. नवं घर लहान. “यामिनी, यात काही दिसतच नाही गं. सोदाईगोमीत देऊ या,” तो म्हणाला. सोदाईगोमी म्हणजे मोठ्या सामानाचा कचरा. महिन्यातून एकदा गाडी येते. आधी फोन करायचा, कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, स्टिकर आणायचा. यामिनीने स्टिकर आणला, माझ्या तोंडावरच चिकटवला आणि मला चपलांच्या कपाटामागे उभं केलं. लानला काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. रडलीही थोडी. मला तर रडताही येईना.

गाडी गुरुवारी येणार होती आणि सोमवारी गणपती होते. त्यासाठी अंबरीषच्या आई, जयंतीबाई, पुण्याहून आल्या होत्या. सकाळी दोघं फुलं आणायला गेली आणि यांनी पाट शोधायला घेतला. नागोयाच्या फ्लॅटमध्ये पाट कुठून असणार? शोधता शोधता मी सापडलो. रुंद, गुळगुळीत, काळपट लाल, खाली दोन आडव्या पट्ट्या. आणि वर स्टिकर! जयंतीबाईंना वाटलं, दुकानातली किमतीची चिठ्ठी आहे. मुलाने बाप्पासाठी नवा पाट आणलाय!

त्यांनी स्टिकर नखाने खरवडून काढला, माझ्यावर मूठभर तांदूळ पसरले आणि मूर्ती ठेवली.

यामिनी परतली ती दारातच थबकली. “आई, अहो, हे चित्र आहे!”

“चित्र? यात दिसतंय काय?”

“दिसत नाही म्हणूनच टाकणार होतो,” अंबरीष हळूच म्हणाला.

“अरे, बाप्पा बसलाय त्यावर. आता हे कचऱ्यात घालणार तुम्ही?”

अंबरीषने खरवडलेल्या स्टिकरचे तुकडे गोळा करून खिशात घातले. इतकं सुंदर उत्तर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

दीड दिवसाने बाल्कनीत बादलीत विसर्जन झालं. कुंकू आणि पंचामृताने मी माखलो होतो. जयंतीबाईंनी मला सरळ नळाखाली धरलं आणि डाळीचं पीठ लावून तळहाताने चोळू लागल्या. “आई, खराब होईल!” यामिनी ओरडली. मी मनात हसलो. पाण्यातच तर घडलो मी!

आधी डोंगर आले, मग नदी. आणि खाली कोपऱ्यात, जिथे लानलाही कधी काही दिसलं नव्हतं, तिथे एक होडी आली. होडीत बॅग मांडीवर घेतलेली एक मुलगी, आणि काठावर हात वर केलेला एक माणूस. आमचं लॅकर वर्षं जातील तसं नितळ होत जातं. माझ्या चित्रकाराने त्या दोघांवर मुद्दामच दोन थर जास्त दिले होते.

यामिनीने फोटो पाठवला. लानचा लगेच व्हिडिओ कॉल आला. तिच्या शेजारी माझा म्हातारा चित्रकार चष्मा पुसत होता. तो काहीतरी बोलला आणि लान रडता रडता हसायला लागली. तिने जपानीत सांगितलं, “बाबा म्हणतात, दिसलो का एकदाचे!”

आता मी यामिनीच्या जुन्या साडीत गुंडाळून ओसाकाला निघालोय. ट्रकमधून नाही, तिच्या मांडीवरून. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद काळवंडून बसला असेल, तर त्याला टाकण्याची घाई करू नका. त्याच्या आत कुणीतरी कुणाला तरी निरोप देत असेल.