सवतीची हाक

साडेसहाला दहा मिनिटं होती आणि शिंपिणीच्या खोलीत तीळ ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग, खिडकीच्या गजांना लटकलेली माणसं, आणि सगळ्यांचे डोळे शिलाई मशीनच्या मागच्या काळ्या डब्यावर.

"आवाज नको!" मठातले महाराज म्हणाले. "आत्मा गोंगाटाला बुजतो."

तो डबा म्हणजे एका बंद पडलेल्या ऑफिसातला यूपीएस, वीज गेली की कॉम्प्युटर चालू ठेवणारा. शिंपिणीच्या वायरमन नवऱ्याने तो भंगारातून आणला, आतल्या मेलेल्या बॅटऱ्या काढून बाहेर मोठ्या जोडल्या, छपरावर सोलरची दोन पॅनेलं बसवली. संध्याकाळी वस्तीतली वीज लपंडाव खेळायची. पण दिवसभर साठवलेल्या उन्हावर ह्यांचं घर उजळायचं, शिवण चालायचं. शिंपीण डब्याला सवत म्हणायची. कारण नवरा संध्याकाळी सायकलची घंटी चारदा वाजवून घरात शिरला की आधी सवतीजवळ जायचा. ती 'टिव्' करायची, तो तिला अंगठ्याने टपली मारायचा, मग बायकोकडे वळायचा.

तीन महिन्यांपूर्वी तो तापाने गेला. त्याच संध्याकाळी, बरोबर साडेसहाला, डबा बोलला. टिव् टिव् टिव् टिव्. थोडं थांबून पुन्हा चार. सायकलच्या घंटीसारखे, मोजून चार. थांबेचना.

तेव्हापासून रोज साडेसहाला हीच हाक यायची आणि शिंपीण दोन ताटं वाढायची. डब्याला हात लावायची तिला भीती वाटायची, आणि तो गप्प झाला तर, याची त्याहून जास्त.

महाराजांनी निदान केलं: नवरा आत अडकलाय. आज शेवटची हाक घ्यायची आणि डबा, बॅटऱ्या, पॅनेलं, सगळं मठात नेऊन बांधायचं.

"मठात दिवे नाहीत वाटतं," शिंपिणीची आत्या कालच म्हणाली होती. ती बावीस वर्षं एका ऑफिसात झाडूपोछा करून निवृत्त झालेली. अक्षरओळख उतारवयात झाल्यामुळे दिसेल ते वाचायची तिला खोड होती. डब्यामागची चिठ्ठी तिने बोट ठेवून वाचली: 'टपाल विभाग'. डबा तिच्याच ऑफिसातला; कोपऱ्यावरचा पोचा तिच्याच बादलीने पडलेला. तिने भाचीला समजवायचा प्रयत्न केला. भाची म्हणाली, "आत्या, तू नको बोलूस. त्याला सुटू दे." आत्या गप्प बसली, पण हातांना तिने गप्प बसवलं नाही.

साडेसहा वाजले. महाराजांनी हात उंचावला. "ये! या भारलेल्या पाण्याची आण आहे तुला, ये!"

डबा गप्प.

"ये बाळा, ये!"

कुणीतरी खोकलं. शिंपिणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"इथे कुणीतरी अविश्वासू बसलंय," महाराज गरजले.

"मी बसलेय," आत्या म्हणाली. "पण मला भिऊन तो थांबेल होय? जावई कधी सासरच्यांना भ्यायलाय?"

हशा पिकला. महाराजांनी पाणी शिंपडलं, डोळे फिरवले, शेवटी म्हणाले, "आत्मा रुसला. आता येणार नाही."

"येईल. पावणेसातला," आत्या म्हणाली.

महाराज चपला शोधत होते तेव्हा पावणेसात झाले.

टिव् टिव् टिव् टिव्.

बाया किंचाळल्या. शिंपीण हुंदका देत उठली. आत्याने तिचा हात धरला आणि भिंतीवरचं वाटीएवढं गोल घड्याळ दाखवलं. "हे जावयाने बसवलंय. रोज साडेसहाला हे बाहेरची वीज तोडतं आणि घर उन्हाच्या विजेवर येतं. दुपारी मी काटा पाव तास मागे सरकवला. आत्म्याला वेळ बदलल्याचं कुणी सांगितलं?"

"पण तो डबा ओरडतो का?" गर्दीतल्या न्हाव्याने विचारलं.

"ऑफिसातला डबा आहे तो. त्याला ऊन काय माहीत? बाहेरची वीज तुटली की त्याला वाटतं, घात झाला, कुणीतरी या. आमचे साहेब ओरडायचे, 'मावशी, त्याचा गळा दाबा!' मी झाडूच्या दांड्याने दाबायची."

तिने बटण दाबलं. आवाज थांबला. दिवे तसेच जळत राहिले.

"पाणी भारून काही होत नाही, महाराज. बॅटरी भारा, निदान दिवा लागतो." मग ती गर्दीकडे वळली. "आणि तुम्ही, हात जोडायच्या आधी एकदा हात लावून बघत जा. भ्यायला काय, नंतरही येतं."

महाराज गेले ते चुकून दुसऱ्याच्याच चपला घालून.

खोली रिकामी झाली. शिंपीण डब्यासमोर बसून राहिली.

"म्हणजे तो नव्हताच, आत्या?"

आत्या तिच्याशेजारी टेकली. "ती हाक त्याची नव्हती गं. त्याच्यासाठी होती. ती टपली म्हणजे लाड नव्हता. तो हे बटण दाबायचा. तो गेल्यावर दाबणारंच कुणी उरलं नाही. तीन महिने बिचारी त्यालाच बोलावतेय."

दुसऱ्या दिवशी शिंपिणीने एकच ताट घेतलं. आत्याने घड्याळाचा काटा पुन्हा जागेवर आणला होता. साडेसहाला ती डब्याजवळ उभी होती. बटणावरचा रंग अंगठ्याच्या आकाराने झिजला होता. सवतीने पहिली हाक मारली. शिंपिणीने त्या झिजलेल्या जागेवर आपला अंगठा ठेवला आणि तिला टपली मारली.