मागे उभी राहणारी

या, असे जवळ सरकून बसा. मध्ये जागा सोडू नका, मागे उभे आहेत त्यांनाही टेकता आलं पाहिजे. आजची कथा धुक्याची आहे, एका ट्रकची आहे आणि दोन बायकांची आहे. देव तिच्यात कुठे आहे, ते ऐकून झाल्यावर तुमचं तुम्हीच शोधा.

तर, माधवीने पुन्हा ब्रेक दाबला.

उचकी लागल्यासारखा ट्रक हलला आणि जागीच थांबला. मागून हेल्पर वैतागून ओरडला, "अरे आने दो ना, मॅडम! किसने रोका?"

कुणीच रोखलं नव्हतं. तिने गाडी पुन्हा मागे घेतली. "आने दे, आने दे," हेल्परचा आवाज आला, मग तो गुटखा थुंकायला थांबला, आणि तेवढ्या शांततेत माधवीचा पाय आपोआप खाली गेला. ट्रकला पुन्हा उचकी. फरीदाबादच्या त्या ट्रान्सपोर्टच्या आवारात चहा पीत बसलेले ड्रायव्हर खो-खो हसले.

"मॅडम, पाँव ब्रेक पे सो गया क्या?" कामाआधी चाचणी घेणारा मालक म्हणाला. माणूस वाईट नव्हता. किल्ली परत घेताना त्याने चहाही विचारला. "लायसन्स नया है, हाथ भी नया है. लोकल में, शहर के अंदर, दिन भर आगे-पीछे ही करना होता है. आपसे नहीं होगा."

फाटकाजवळ जुन्या टायरवर सखुबाई बसल्या होत्या. नऊवारीवर विलासचा लष्करातला जुना स्वेटर, कानाला मफलर. सून केबिनमधून उतरली तशा त्या उठल्या आणि काही न विचारता चालू लागल्या.

"आत्याबाई, विचारा तरी."

"काय विचारायचं? तोंडावर लिहिलंय तुझ्या. चल, भाजी घेऊ. इथं मेथी ताजी दिसतेय."

विलास लष्करात ट्रक चालवायचा. आजारपणाने त्याला नेलं, तेव्हा घरात दोघीच उरल्या. एक त्याची आई, एक त्याची बायको. माहेर-सासरची माणसं येऊन रडून गेली, आणि या दोघी फरीदाबादच्या भाड्याच्या खोलीत एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एक दिवस माधवी म्हणाली, मी ट्रक शिकते. सखुबाई म्हणाल्या, शीक.

शिकवणीच्या मैदानावरही त्या सोबत जायच्या. सखुबाईंचे वडील कीर्तनकार. लहानपणापासून त्या वडिलांच्या मागे टाळ घेऊन उभ्या राहिलेल्या. कीर्तनकाराने ओळ सोडली की मागच्याने ती उचलायची, तो श्वास घेईल तेव्हा मागच्याने सूर खाली पडू द्यायचा नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. मैदानावर त्या लिंबाखाली बसून नामस्मरण करायच्या, मोठ्याने, खणखणीत. माधवी ट्रक मागे घेऊ लागली की त्यांचं लक्ष चाकांवर असायचं. विठ्ठल विठ्ठल चालू आहे तोवर येऊ दे. मागे खुणेला ठेवलेला ड्रम जवळ आला की सखुबाई घाबरून गप्प व्हायच्या. त्या गप्प झाल्या की ब्रेक. असं कुणी ठरवलं नव्हतं, दोघींत कधी बोलणंही झालं नव्हतं. पण पाय मात्र ते शिकला. त्या पायाला आता शांतता सहन होईना, आणि जगातले सगळे हेल्पर तर अधूनमधून गप्प होणारे.

एका ठिकाणी काम तयार होतं. गुजरातपर्यंतची फेरी, गाडीत कायम दुसरा जुना ड्रायव्हर, हात तयार होईल. फक्त महिना-महिना घर नाही. सखुबाईंना गावी पाठवावं लागलं असतं, जिथे दाराला कुलूप आहे आणि शेजारच्या घरालाही.

"लांबची घे की," घरी मेथी निवडताना सखुबाई म्हणाल्या. "मला काय, कुठंही दोन घास मिळतील."

माधवीने मान वर केली. गॅसच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला सखुबाईंचे टाळ टांगलेले असायचे. खिळा रिकामा होता. पलंगाखालच्या पिशवीतून जुन्या लुगड्याचं टोक डोकावत होतं, आणि त्या लुगड्यात काहीतरी गोल, जड गुंडाळलेलं होतं.

"उद्या एक ठिकाण बघू," माधवी म्हणाली. "शेवटचं."

दुसऱ्या दिवशी जगच नव्हतं. खिडकी उघडली तर बाहेर नुसतं पांढरं. गल्ली नाही, समोरचा मोबाइलवाला नाही, कारखान्यांची धुराडी नाहीत. दोघी हात धरून निघाल्या. रिक्षावाल्याचा दिवा पाण्यात बुडालेल्या समईसारखा दिसत होता. सखुबाई हळूच म्हणाल्या, "देवळाच्या गाभाऱ्यात असंच असतं बघ. दिसत काही नाही, पण भीती वाटत नाही."

चौधरींच्या गोदामावर ओरडाआरडा चालला होता. माल तातडीचा, ट्रक दारात, आणि तो उलटा घेऊन गोदामाच्या ओट्याला लावायला कुणी तयार नाही. दोन्हीकडे भिंती, बाजूने माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. हेल्पर धुक्यामुळे आलेलाच नव्हता. तिथला एक जुना ड्रायव्हर हात शेकत म्हणाला, "शीशे में सफेदी के सिवा कुछ नहीं, चौधरी साहब. धूप निकलने दो."

"मैं लगाती हूँ," माधवी म्हणाली.

चौधरींनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या नऊवारीकडे. "और ये?"

"हेल्पर," सखुबाई म्हणाल्या.

"माताजी हेल्पर!" जुना ड्रायव्हर हसला. "भाई, मेरी सास तो मुझे रिमोट भी नहीं देती, और ये गाड़ी लगवाएगी."

"लगा दे," चौधरी म्हणाले. "लग गई तो लोकल तेरा. दीवार तोड़ी तो दोनों घर जाओ."

माधवी चढली. आरशात पाहिलं तर खरंच काही नव्हतं. काच खाली केली. गार धुकं आत आलं आणि तिच्या मांडीवर बसलं. मग मागून आवाज आला, मैदानावरचाच, खणखणीत. विठ्ठल विठ्ठल.

तिने गाडी मागे सोडली.

पुढचं तिला नंतर नीट सांगता आलं नाही. ट्रक चालतोय की आपण झोपेत तरंगतोय, कळेना. चाकांचा आवाज धुक्याने गिळला होता. उरला तो फक्त मागचा सूर, आणि तो सूर मागे मागे सरकत होता, जसा अंधारात कुणी दिवा घेऊन चालावा. एकदा वाटलं, विलासच शेजारी बसून गुणगुणतोय. एकदा वाटलं, आपण लहान आहोत आणि कुणाच्या तरी कडेवर घरी चाललोय. सूर जरा डावीकडे झाला, तिने चाक जरासं वळवलं. सूर सरळ झाला, तिने चाक सरळ केलं. विठ्ठल, विठ्ठल, वि—

पाय खाली गेला.

काहीच आवाज नाही. धक्का नाही, तुटणं नाही. माधवी उतरली आणि ट्रकच्या अंगावर हात ठेवत मागे निघाली. भिंतीला टेकून कुठेतरी आत्याबाई उभ्या असतील, बाजूला. उजवीकडे नव्हत्या. ती वाकून डावीकडे बघू लागली. तिथेही नव्हत्या.

त्या मागे होत्या. पाठ गोदामाच्या ओट्याला लागलेली, आणि ट्रकची मागची फळी छातीपासून वीतभर. त्या फळीवर त्यांनी तळहात ठेवला होता, गोठ्यातल्या गायीच्या कपाळावर ठेवावा तसा.

"नीट लागली का गं?"

"तुम्ही... मागे होतात? सगळा वेळ?"

"मग कुठं असणार? बाजूनं मला तरी काय दिसत होतं? मी चालले तेवढी वाट मोकळी, एवढं तरी कळत होतं."

"आणि मी थांबले नसते तर?"

सखुबाईंनी पदर झटकला, अंग चोरून बाजूला निघाल्या. "मी गप झाले आणि तू थांबली नाहीस, असं कधी झालंय का?" आणि चालू लागल्यावर मागे वळून, "अजून हातभर राहिलीय. घे ती."

त्या फटीतून बाहेर पडत असतानाच चौधरी टॉर्च घेऊन आले. टॉर्चचा प्रकाश ओट्यावर, फळीवर आणि मधल्या त्या हातभर जागेवर बराच वेळ राहिला. त्यांनी टॉर्च बंद केला.

"कल से आ जाना," ते म्हणाले. थोडं पुढे गेले, परत आले. आवाज उतरला होता. "माताजी को पीछे मत खड़ा करना, बेटी. हेल्पर मैं दूँगा."

माधवी आता फरीदाबादच्या कारखान्यांमधून दिवसभर गाडी आगे-पीछे करते आणि दिवेलागणीला घरी येते. हेल्परला तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, कुछ भी बोलते रहना, बस चुप मत होना. तो बिचारा कधी क्रिकेटचा स्कोअर सांगतो, कधी बायकोच्या तक्रारी. तिचा पाय निवांत असतो. आणि घरी गॅसच्या वर, खिळ्याला टाळ आहेत.

एवढीच कथा. कीर्तन संपलं की हार पुढच्याच्या गळ्यात पडतो, पाया त्याच्या पडतात. ते बरोबरच आहे. पण सूर तोलणारं कुणीतरी मागे उभं असतं. थंडीत कधी धुक्यातून एखादी गाडी उलटी येताना ऐकलीत, तर घटकाभर थांबा. आणि घरी जाऊन दिवा लावाल तेव्हा सखुबाईंची आठवण ठेवा.